भाकरी पोचवणारा शिपाई

आमचं गाव दौंडपासून चार-पाच कोसांवर, भीमेच्या काठाला. वडील रेल्वेत सांधेवाले होते. सांधेवाला म्हणजे रूळ जिथं फुटतात तिथं ते जुळवून देणारा माणूस. आणि दौंडला रूळ फुटतात ते काही थोडेथोडके नाहीत. एक वाट पुण्याकडं, एक सोलापूरवरून थेट मद्रासकडं, एक नगरवरून मनमाडला. त्यात तेव्हा बारामतीची छोटी गाडीही होती. मनमाडची वाट 1878 सालची. तिच्यामुळं उत्तरेकडचा आणि दक्षिणेकडचा माल मुंबईला वळसा न घालता इकडचा तिकडं जाऊ लागला. पुण्याकडून येऊन नगरला जाणाऱ्या गाडीचं इंजिन मात्र दौंडात सोडून उलट्या तोंडाला जोडावं लागायचं. आता कॉर्ड लाईन झाल्यापासून तो खोळंबा उरलेला नाही, पण आमच्या लहानपणी त्या खोळंब्यावर निम्म्या दौंडचा चहा खपायचा.

1971 साली मी आठ वर्षांचा होतो. त्या वर्षी दिवाळीनंतर वडील नऊ दिवस घरी आले नाहीत. निरोप आला, की मिलिटरीच्या गाड्या चालू आहेत, रजा बंद. आईनं भाकऱ्या थापल्या, ठेचा केला, फडक्यात बांधलं आणि मला घेऊन एस.टी.नं दौंड गाठलं. यार्डाच्या कडेला आम्ही उभे होतो आणि समोर एक लांबच लांब मालगाडी. उघड्या सपाट डब्यांवर ताडपत्रीखाली काहीतरी अवजड झाकलेलं, साखळदंडांनी आवळलेलं, चाकांच्या जागी लाकडी ठोकळे मारलेले. ताडपत्रीच्या फटीतून एक लांब नळी तेवढी दिसत होती. मद्रासजवळ आवडीला तेव्हा विजयंता रणगाडे तयार होत आणि नगरला रणगाडा दलाचं मोठं शिक्षणकेंद्र 1948 पासूनच आहे, हे मला पुढं कळलं. त्या दिवशी मला फक्त डब्यावर बसलेला एक शिपाई दिसला. त्यानं खुणेनं पाणी मागितलं. आईनं पाणी तर दिलंच, वर वडिलांच्या वाटणीच्या दोन भाकऱ्या आणि ठेचाही देऊन टाकला. तो मद्रासकडचा असावा. ठेच्याचा पहिला घास खाऊन त्यानं जे तोंड केलं ते मला अजून आठवतं. पण खाल्ला सगळा.

वडील आले. आईनं विचारलं, "हे सगळे लढायला निघाले, यांना भाकरी कोण देणार?" वडील म्हणाले, "आधी पोचू तर दे त्यांना." एवढं बोलून ते दिवा घेऊन परत सांध्यावर गेले.

पुढं 1982 साली मी भरती झालो. मनात होतं मराठा पलटणीत जायचं. छातीचं माप भरलं, धावलोही बरा, पण कागद हातात पडला तो आर्मी सर्व्हिस कोअरचा. आमच्या भाषेत सांगायचं तर रसद खातं. बंगळूरला शिक्षण झालं, गाडी हाकायला शिकलो. पहिल्या सुट्टीला गावी आलो तर पारावर एकानं विचारलं, "कोणत्या तोफेवर आहेस?" मी म्हणालो, "शक्तिमान ट्रकवर." पार हसला. एक म्हातारे होते, चांगले पोथी वाचणारे. ते म्हणाले, "म्हणजे बाजारबुणगाच म्हण की." हा शब्द आपल्याकडं पानिपतापासून चालत आलेला. लढणाऱ्यांच्या मागं जे हजारोंनी चालतात आणि खायला भार होतात ते बाजारबुणगे. तो शब्द मला चोवीस वर्षं टोचला. नोकरी संपल्यावर पुस्तकं वाचली तेव्हा कळलं, की पानिपताची गोष्ट नीट वाचली तर ती तलवारीची कमी आणि धान्याचीच जास्त आहे. पण ते पुढं सांगतो.

आधी रसद म्हणजे काय, ते शेतकरी माणसाला पटेल असं सांगायला हवं. नगरच्या रस्त्यानं जाताना तुम्ही कधी रणगाडा पाहिला असेल. चाळीस-पंचेचाळीस टनांचं धूड. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्या मोजायची आपल्याला सवय आहे, म्हणून वजन सांगितलं. टी-72 सारख्या रणगाड्याच्या टाक्यांत मिळून हजार-बाराशे लिटर डिझेल मावतं आणि चांगल्या वाटेनंही किलोमीटरला दोन लिटरांच्या वरच जातं. नांगरटीच्या रानातून पळायचा असेल तर विचारूच नका. एका रणगाडा पलटणीत असे साधारण 45 रणगाडे. म्हणजे सगळ्यांच्या टाक्या एकदा भरायच्या तर 50 हजार लिटरांच्या आसपास डिझेल, म्हणजे पेट्रोल पंपावर येतात तसले चार-पाच मोठे टँकर. आणि हे एकदा भरायला. उद्या परत. प्रत्येकाच्या पोटात चाळीसेक तोफगोळे. ते संपले की तेही मागून यायचे. पट्टा तुटला तर पट्टा, इंजिन बसलं तर उचलून न्यायला वेगळी गाडी. माणसांचा आटा, डाळ, तेल, चहा, साखर, रॉकेल, औषध, बूट, आणि टपाल. टपालाला हसू नका. पत्र आलं नाही तर शिपाई आजारी पडलेला मी पाहिला आहे.

सैन्य जेवढं वेगानं पळणारं, तेवढी त्याच्यामागं पळणारी ही शेपटी लांब. बैलाला चारा घातला नाही तर तो निदान दोन दिवस कळ काढतो. डिझेल संपलेला रणगाडा जागच्या जागी लोखंडाची खोली होतो. म्हणून त्याला शक्यतो लांबचा पल्ला स्वतःच्या पायानं चालवतच नाहीत. रेल्वेवर चढवून नेतात, म्हणजे त्याचे पट्टे झिजत नाहीत, इंजिनाचे तास वाचतात आणि आपले रस्तेही वाचतात. ते साखळदंड, ते ठोकळे, ती दौंडची वाट, सगळ्याचा अर्थ मला वर्दी चढवल्यावर लागला.

आमचं खातं खाऊ-पिऊ घालण्याचं, इंधनाचं आणि वाहतुकीचं. गोळे-काडतुसं, कपडे, सुटे भाग सांभाळायचं काम ऑर्डनन्सचं, दुरुस्ती तिसऱ्यांची. खेचरं आजारी पडली तर त्यांचे डॉक्टर वेगळे. हो, खेचरं. जिथं ट्रक संपतो तिथं खेचर सुरू होतं. पाठीवर सत्तर-बहात्तर किलो घेऊन ज्या चढावर आपण हात टेकत चढू तिथं ते मुकाट्यानं चालतं. आमच्या खात्यात पेडोंगी नावाची एक खेचरी होऊन गेली. 1971 च्या लढाईत ती शत्रूच्या हाती सापडली. त्यांनी तिच्या पाठीवर आपली मशिनगन आणि काडतुसांच्या पेट्या लादल्या. ही बाई संधी साधून सुटली आणि ओझ्यासकट चालत आपल्या ठाण्यावर परत आली. जवळजवळ तीस वर्षं चाकरी करून 1998 साली ती गेली. तिचं नाव गिनीजच्या पुस्तकात आहे. माझं नाही. आणि ज्यांनी बैल राखले आहेत त्यांना हे वावगं वाटणार नाही.

माझी बदली झाली श्रीनगर-लेहच्या रस्त्यावर. हा रस्ता सव्वाचारशे किलोमीटरांच्या आसपास, आणि मधे झोजीला नावाची खिंड, साडेअकरा हजार फूट उंच. त्या काळी नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला बर्फानं ती मिटायची ती एप्रिल-मे उजाडेपर्यंत उघडायची नाही. पलीकडं द्रास, कारगिल, लेह, आणि त्याहून पुढची ठाणी. तिथल्या माणसाला पाच-सहा महिने लागणारी प्रत्येक वस्तू उन्हाळ्यातच नेऊन ठेवायची. इंग्रजीत त्याला मोठं नाव आहे, पण मी पहिल्यांदा तो प्रकार पाहिला तेव्हा मनात आलं, ही तर आपली बेगमी! आपल्या आया-बाया मृग लागायच्या आत गोवऱ्या रचतात, सरपण आत घेतात, पापड-कुरडया करतात, धान्याला राख लावतात. तेच हे. फरक इतकाच, की आपल्याकडं पावसाळ्यात मीठ संपलं तर शेजारणीकडं वाटी घेऊन जाता येतं.

आता एक गोष्ट सांगतो. ही मी घरातसुद्धा कुणाला सांगितली नव्हती.

1988 चा ऑक्टोबर संपत आला होता. एका ठाण्याचा हिवाळ्याचा शेवटचा माल राहिला होता. गाड्या कमी पडत होत्या, आभाळ भरून येत होतं. आट्याची पोती एका गाडीत आणि रॉकेलचे डबे दुसऱ्या गाडीत, हा आमचा पहिला धडा. पण त्या दिवशी दुसरी गाडी नव्हती. दोन्ही माझ्याच गाडीत चढवले. मी पोती खाली, वर फळ्या, फळ्यांवर डबे असं रचलं. एका डब्याच्या झाकणाचं रबर गेलेलं होतं, हे मला दिसलं होतं. मी त्याला फडकं गुंडाळून घट्ट दाबलं आणि म्हणालो, जातंय एवढं.

झोजीलाची वळणं काय असतात ते सांगून कळायचं नाही. उजव्या बाजूला डोंगर, डाव्या बाजूला काहीच नाही. गाडी खिंड उतरली तेव्हा मागं वास सुटला होता. रस्ता संपला तिथं उतरवून घ्यायला माणसं आणि खेचरं उभी होती. भुरभुर बर्फ सुरू झालं होतं. मी मागं चढून पाहिलं तर चार पोत्यांच्या कडा ओल्या. थंडीत आणि वाऱ्यात वास कुणाच्या नाकाला लागला नाही. मला लागला होता. मी बोललो असतो तर ती पोती बाजूला पडली असती, कागद झाले असते, बदली पोती मागवावी लागली असती आणि कदाचित खिंड मिटायच्या आत मी परत फिरलो नसतो. माझी सुट्टी मंजूर होती. धाकट्या भावाची रब्बीची पेरणी खोळंबली होती, नवीन लग्न झालेलं होतं. मी गप्प बसलो. पोती खेचरांवर चढली आणि वर गेली.

पुढच्या जूनमध्ये वाटेत एका चहाच्या टपरीवर एक गढवाली जवान भेटला. त्याच ठाण्यावर हिवाळा काढून उतरत होता. ओठ फुटलेले, कातडी काळवंडलेली, पण स्वभावानं मजेदार. माझ्या खांद्यावरचं खात्याचं नाव वाचून हसत म्हणाला, "उस्ताद, आप लोगों ने इस बार आटे में तेल भी मिला के भेजा था. हमने फरवरी तक मिट्टी के तेल की रोटी खाई." भोवतीचे सगळे हसले. मीही हसलो. चहाचे पैसे मीच दिले. ती गाडी माझी होती, हे मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. तो माणूस परत कधी भेटला नाही.

चार पोती म्हणजे फार नव्हे, असं वाटेल. पण तिथं बर्फात कोंडलेल्या माणसाला दिवसाकाठी चांगली अशी एकच गोष्ट घडते, ती म्हणजे गरम रोटी. ती आम्ही बिघडवली. आम्ही कशाला, मी.

शिवाजी महाराजांचं एक पत्र आहे. राज्याभिषेकाच्या सुमाराचं, चिपळूणकडं छावणीला असलेल्या घोडदळाच्या कारभाऱ्यांना उन्हाळ्याच्या अखेरीस लिहिलेलं. नोकरी संपल्यावर ते वाचलं आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. त्यात शत्रूवर चालून जायची भाषा नाही. त्यात गवत आहे, दाणा आहे. पावसाळ्याची बेगमी करून ठेवली आहे, ती आत्ताच उधळाल तर भर पावसात घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, कुणी दाणे आणील, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी भाजी. आणि जी रयत आधीच कष्टानं जगते आहे ती म्हणेल, यापेक्षा मोगल बरे. पुढं तर ते गवताच्या गंजीजवळ चूल नको, तंबाखूची आग नको, रात्री दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल इथपर्यंत येतात. राजा माणूस, पण घरच्या कर्त्या बाईसारखं त्याचं लक्ष! रसद हलली की तिचा भार शेवटी शेतकऱ्याच्या कणगीवर येतो, हे त्यांना ठाऊक होतं.

आमच्या दौंडहून जवळच, नदीकाठी श्रीगोंद्याच्या हद्दीत पेडगाव आहे. बहादूरखानानं तिथं मोगलांची मोठी छावणी आणि किल्ला उभारला होता. 1674 साली, राज्याभिषेकानंतरच्या पावसाळ्यात, मराठ्यांच्या एका लहान तुकडीनं खानाला हूल देऊन लांबवर पाठीमागं पळवलं आणि मोठ्या फौजेनं मागं मोकळी पडलेली छावणी लुटली. एक कोटीचा खजिना आणि दोनशे उत्तम घोडे नेले, असं सांगतात. खान लढाईत हरला नाही. त्यानं फक्त आपली कोठी सोडली. वेड पांघरून पेडगावला जायचं, असं आपण उगाच म्हणत नाही.

आणि पानिपत. भाऊसाहेबांचं सैन्य 1760 च्या नोव्हेंबरपासून पानिपतावर अडकून होतं. मागून दाणागोटा पाठवण्याची भिस्त ज्यांच्यावर होती ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. अब्दालीनं वाटा आवळल्या. माणसं आणि जनावरं उपाशी पडू लागली, आणि 14 जानेवारी 1761 ला जे लढायला बाहेर पडले ते भुकेलेले बाहेर पडले. योगायोग बघा, आमचं खातं आपला वाढदिवस 8 डिसेंबरला करतं आणि साल धरतं 1760. कंपनी सरकारनं बंगालकडं रसदीची वेगळी व्यवस्था लावली ती त्याच हिवाळ्यात. पुढं 1803 मध्ये वेलस्लीनं नगरचा किल्ला घेतला आणि पहिलं काम केलं ते तिथं कोठार करण्याचं. त्याच्या तोफा ओढत होते म्हैसूरचे अमृतमहाल बैल. इंग्रज फार शूर होते असं नाही, पण त्यांच्या बैलांना वेळेवर वैरण मिळत होती. पारावरच्या त्या म्हाताऱ्यांना हे सांगायचं राहिलं. मी निवृत्त होऊन आलो तोवर ते गेले होते.

1999 च्या मेमध्ये कारगिल पेटलं तेव्हा मी हवालदार होतो. शत्रू द्रासच्या वरच्या शिखरांवर येऊन बसला होता आणि त्याचा डोळा आमच्या रस्त्यावर होता. तो रस्ता तोडला की लेहचं पोट तुटलं. दिवसा गाडी दिसली की वरून गोळा यायचा. म्हणून आम्ही रात्री निघायचो, दिवे बंद करून. पुढच्या गाडीच्या मागं पांढरा ठिपका रंगवलेला, त्यावर नजर. शेजारी बसलेला जोडीदार दार उघडून पायरीवर उभा राही आणि रस्त्याची कड ओरडून सांगत असे. मागं बोफोर्सचे गोळे, एकेक चाळीस-पंचेचाळीस किलोचा. त्या लढाईत आपल्या तोफखान्यानं सगळे मिळून अडीच लाखांवर गोळे आणि रॉकेटं डागली, असा हिशेब पुढं छापून आला. वाचणाऱ्याला आकडा दिसतो. मला त्यातला प्रत्येक गोळा आगगाडीतून उतरवलेला, ट्रकमध्ये चढवलेला, पुन्हा उतरवलेला दिसतो. खरं सांगायचं तर भीती वाटायची. घाबरलो नाही असं म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. 13 जूनला तोलोलिंग परत घेतलं आणि मग रस्त्यावरचा जाच थोडा हलका झाला.

त्या दोन-अडीच महिन्यांत मी माझ्या टोळीतल्या पोरांना फार छळलं. प्रत्येक गाडी निघायच्या आधी ताडपत्रीची प्रत्येक गाठ मी हातानं ओढून बघायचो, प्रत्येक डब्याचं झाकण काढून रबर तपासायचो, आटा आणि रॉकेल एका गाडीत दिसलं की गाडी रिकामी करायला लावायचो. वरून घाई असायची. पोरं मागं मला "रबरवाले उस्ताद" म्हणायची, हेही मला ठाऊक होतं. कारण विचारायची हिंमत कुणी केली नाही, आणि मी सांगितलं नाही.

2006 साली घरी आलो. पाऊण एकर ऊस, दोन एकर कांदा, कालव्याला पाणी येईल तसं. गेल्या 26 जुलैला शाळेत मला बोलावलं होतं. नारळ, शाल, सगळं झालं. मग चौथीतल्या एका पोरीनं उभं राहून विचारलं, "आजोबा, तुम्ही किती शत्रू मारले?" मी म्हणालो, "एकही नाही, बाळ." ती खाली बसली. गुरुजी बिचारे ओशाळले. त्यांनी पटकन माझ्या पदकाबद्दल काहीतरी सांगितलं. माझा नातू त्याच शाळेत नववीला. घरी येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी आम्ही केडगावच्या बाजाराला गेलो होतो. गिरणीतून दळण घेतलं, गव्हाचं पीठ दोन डबे, बाजरी एक पोतं. मग दुकानातून तणनाशकाचा पाच लिटरचा कॅन. नातवानं तो कॅन उचलून टेम्पोत पिठाच्या डब्यांच्या खेटून ठेवला. मी म्हणालो, "काढ तो." तो म्हणाला, "आबा, झाकण घट्ट आहे की. नवीन कॅन आहे." मी म्हणालो, "मीही असंच म्हणालो होतो."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. तिथंच, टेम्पोच्या फळीवर बसून, मी त्याला ती ऑक्टोबरची गोष्ट सांगितली. चहाच्या टपरीपर्यंत सगळी. टेम्पोवाला खोळंबला होता, त्यानं दोनदा हॉर्न वाजवला. नातवानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग ते आजारी पडले का?" मला ते ठाऊक नव्हतं, आणि तसं मी त्याला सांगितलं.

त्यानं कॅन उचलला, परत दुकानात नेला, पावती दाखवून ठेवायला सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी सायकलच्या मागं बांधून वेगळा घेऊन आला.